सुपरचार्जरचं ऑइल अन् खुशालरावची चापट

माहं नाव सत्यभामा. अकोल्याच्या बाजारात मी भाजी इकते. पण ही गोठ माही नाही, माह्या लहान्या भावाची, सूर्यभानची आहे. तो काही सांगनार नाही. त्याच्या तोंडातून शब्द काढाचा म्हटलं तं पाना लागते. म्हणून मी सांगून राहिली. अन् आधीच सांगून ठेवते, माह्या जिभेले हाड नाही, अन् खुशालरावचं नाव निघालं की तं अजिबातच नाही.

अकोल्याहून मूर्तिजापूरकडे निघालं की बायपासच्या अलीकडे एक टिनाचं गॅरेज लागते. बोर्ड नाही. बाजूले पंक्चरवाला, समोर चहाची टपरी. ते सूर्यभानचं. तिथं कधी कधी अशा गाड्या उभ्या राहतात की येनारे-जानारे स्कूटर थांबवून पाहतात. विदेशी, जुन्या, लांब नाकाच्या. त्या गाड्यांत सुपरचार्जर नावाचा एक भाग असते. त्याचं ऑइल बदलवनारा आमच्या पट्ट्यात माहा भाऊच एकटा.

मले मशिनीतलं काही समजत नव्हतं, पण अकरा वरसं ऐकून ऐकून पाठ झालं. सुपरचार्जर म्हणजे इंजिनाले जबरदस्तीनं हवा पाजनारा पंखा. पट्ट्यावर फिरते, अन् असा फिरते की शिट्टी वाजते. त्याच्या तोंडाशी एक लहानशी टाकी असते. तिचं ऑइल अलग, इंजिनाच्या ऑइलशी तिचं काही नातं नाही. मावते किती, तं दीड कप चहा. कितीक मिस्त्र्याईले ही टाकी आहे हेच माहीत नसते. ते इंजिनाचं ऑइल बदलवतात, गाडी धुऊन देतात, अन् सुपरचार्जर बिचारा दहा-दहा वरसं त्याच काळ्या, सडल्या अंड्याच्या वासाच्या ऑइलात फिरत राहते. मंग एक दिवस किंचाळते.

सूर्यभानची पद्धत अशी. गाडी आली की तो तिले हात लावत नाही, दोन घंटे थंड होऊ देते. मालक किती का घाई करेना. मंग वरचं बूच खोलते. भोक कितीसं, तं करंगळीएवढं. ढोराच्या डॉक्टरजवळ असते ती मोठी सिरिंज, अन् तिच्या तोंडाले ठिबकची बारीक नळी, आमच्याच वावरातली, मिरच्याच्या ओळीतून काढलेली. तिनं जुनं ऑइल ओढून घेते, मोजते, अन् मापात नवं भरते. नवं ऑइल लहान्या लहान्या बाटल्यांत येते. एक बाटली पूर्ण अन् दुसरीतलं एक बोट, बस. उरलेल्या बाटलीले झाकण लावून ती टिनाच्या पेटीत ठेवते, पेटीले कुलूप लावते, अन् मंगच बुचाले हात घालते. बूच उघडं असताना कोनाले आत येऊ देत नाही. मले तं नाहीच नाही. दुपारी डबा घेऊन गेली की दारातच हात पुढं करते, "ताई, इथूनच दे." मले वाटे, लेकाले आता बहिणीच्या लुगड्याची धूळबी चालत नाही.

आत फळीवर, कॅलेंडरच्या खाली, एक मेलेला सुपरचार्जर ठेवलेला आहे. दारातून दिसते. खुशालरावची गोठ तिथून सुरू होते.

आमी माळी. अकोटच्या रस्त्याले बापाचं अडीच एकर वावर, पानी विहिरीचं. मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगे, मिरच्या, दसऱ्याले झेंडू. बाप सांगे, भाजीवाल्याचं माप झुकतं पाहिजे. पारडं बरोबर आलं की त्याच्यावर आणखी एक मूठ टाकाची, अन् वरून सांबाराच्या चार काड्या. गिऱ्हाईक त्या मुठीसाठी परत येते. माहा हात तसाच घडला. आजबी मी कणीक मळाले बसली तं एक मूठ वरची पडतेच, मंग दोन पोळ्या गाईले. सूर्यभानचा हात अलग. त्याच्या हाती तराजू दिला की काटा मधोमध येईस्तोवर तो एक-एक मिरची काढत बसे. बाप कपाळाले हात लावे. हे पोट्टं धंदा बुडवीन, म्हणे. म्हणून तेविसाव्या वरसी त्याले अमरावतीले खुशालरावच्या गॅरेजात लावून दिलं.

खुशालराव म्हणजे मोठं खटलं. काळ्या जमिनीचा मालक, संत्र्याचा बगीचा, अन् बडनेरा रोडले हे हौसेचं गॅरेज. सूर्यभान तिथं नऊ वरसं राहिला. शेवटी शेवटी असं झालं की महागाची गाडी आली की खुशालराव हळूच म्हणे, सूर्यभानले बलाव. स्वतःले येत नव्हतं ना. अन् गिऱ्हाईकापाशी मात्र, 'म्या केली दुरुस्त.' करू दे बाप्पा, आमचं काय जाते.

दोन हजार चौदाच्या उन्हाळ्यात नांदगाव पेठच्या एका कारखानदाराची गाडी आली, सुपरचार्जरचं ऑइल बदलवाले. त्या दिवशी मीबी अमरावतीत होती. अंबादेवीची ओटी भरली अन् सूर्यभानले भाकर अन् जवसाची चटणी द्याले गॅरेजात गेली. तो गाडीत डोकं घालून होता. तेवढ्यात खुशालरावनं आवाज दिला, मालक खोळंबले, इकडं ये, त्याईले सांग किती वेळ आहे ते. सूर्यभान हात पुसत गेला. मी जराशी बसली, त्याचा पसारा आवरला, फडके घडी घातले, कचरा डब्यात टाकला अन् बस धरली.

चौथ्या दिवशी ती गाडी नागपूरच्या रस्त्यावर बंद पडली. सुपरचार्जर किंचाळला अन् जाम झाला, पट्टा जळाला. गाडी दोरानं ओढून परत आणली. कारखानदारासमोर, साऱ्या मिस्त्र्याईसमोर खुशालरावनं सूर्यभानच्या थोबाडात हाणली. अन् वरून म्हणे, "भाजीवाल्याच्या पोट्ट्याले मशीन काय समजते. जाय, मेथीच्या जुड्या बांध." बत्तीस वरसाचा बाप्या माणूस, घरी बायको, पाळण्यात लेकरू. त्याले मारलं.

 सूर्यभाननं फक्त तो मेलेला सुपरचार्जर मागून घेतला, पोत्यात घातला अन् एसटीनं अकोल्याले आला. म्या इचारलं, तुही चूक होती? तो गप्प. मंग कोनाची होती? गप्प. तुह्या मागं खुशालरावनं बूच उघडून काही घातलं का? तेव्हाबी गप्पच, अन् उठून विहिरीवर गेला. म्या त्या गप्प राहण्याचा अर्थ लावून घेतला. केलं असन त्या म्हाताऱ्यानंच काही, अन् नाव माह्या भावाचं.

अमरावतीत मंग त्याले कोनं उभं केलं नाही. 'सुपरचार्जर मारनारा' असं नाव पडलं. त्याची बायको वर्षाली अमरावतीचीच. तिच्या माहेरी लग्नाले गेलं की पंगतीत कोनी ना कोनी इचारेच, काय जवाईबापू, आज कोनाची गाडी मारली. सूर्यभान खाली पाहून जेवे. मंग जाणंच सोडलं. वर्षाली आपल्या सख्ख्या भावाच्या लग्नात एकटी गेली.

म्या अंबादेवीले सांगून टाकलं. म्हटलं, ह्या माणसानं चार लोकांत आपल्या तोंडानं म्हटलं पाहिजे की सूर्यभानची चूक नव्हती. तो म्हणेस्तोवर तुही ओटी भरत नाही, पाय ठेवत नाही. देवीले धमकी दिल्यावानीच झालं, पण दिली. अन् त्या दिवसापासून म्या खुशालरावच्या वाईटावर डोळा ठेवला. त्याच्या बगीच्यावर कोळशी आली, संत्री काळी पडली, म्या बाजारात पेढे वाटले. गॅरेजसमोर उड्डाणपूल झाला अन् गिऱ्हाईक वरच्या वर जाऊ लागलं, त्या दिवशी घरी पुरण शिजवलं. सूर्यभान म्हणे, ताई, जाऊ दे ना. मी म्हणे, तुह्या गालाले इचार जाऊ देते का. फळीवरचा तो मेलेला सुपरचार्जर पाहिला की मले बरं वाटे. म्हटलं, सूर्यभानबी इसरला नाही, फक्त बोलत नाही.

यंदा मार्गशीर्षात एक फोन आला. गाडी शिट्टी मारून राहिली, अमरावतीत कोनाले समजत नाही, अकोल्याच्या मिस्त्रीचा नंबर भेटला, उद्या येतो. सूर्यभाननं आवाज ओळखला, खुशालरावचा. ओळख दिली नाही, या म्हटलं. वर्षालीनं मले सांगितलं. त्या रात्री मले झोप नाही. सकाळी गाडा झाकून ठेवला, अर्ध्या भावात मेथी बाजूवालीले देऊन टाकली अन् डबा घेऊन बायपास गाठला.

खुशालराव स्टुलावर बसला होता. सुकला होता, हाती काठी. जवायानं दिलेली जुनी विदेशी गाडी दारात उभी. दोघाईनं एकमेकाले ओळखलं होतं, ते दिसतच होतं. सूर्यभान म्हणे, "दोन घंटे थंड व्हा लागते," अन् आपलं दुसरं काम करत राहिला. आता दोन घंटे म्हातारा उठून जाऊ शकत नव्हता. मले तं देवीनंच बसवून ठेवल्यावानी वाटलं. दोन घंटे होत आले तोवर म्या लोक जमाची वाट पाह्यली, मंग चौफेर पाह्यलं. चहावाला, पंक्चरवाला, टायर घेऊन आलेले दोघं, अन् एक दूधवाला. चार पाहिजे होते, पाच होते.

"ओळखलं का खुशालराव?" म्या म्हटलं. "मी सत्यभामा. तुमी ज्याले थोबाडलं त्याची बहीण. भाजीवाल्याची पोट्टी."

 म्या मंग थांबली नाही. गाल, जुड्या, पंगत, वर्षालीच्या भावाचं लग्न, सारं काढलं. चहावाल्यानं स्टो बंद केला, नीट ऐकू यावं म्हणून. "अमरावतीत साऱ्याईले सांगत फिरले ना, आता इथं सांगा. म्हणा, सूर्यभानची चूक नव्हती. हे पाच जण उभे आहेत."

खुशालरावनं घसा साफ केला. "बाई, त्या गाडीले म्या हातबी लावला नव्हता. चूक कोनाची होती ते मले आजबी माहीत नाही. हा 'नव्हती' म्हणन, तं मीबी म्हणतो, नव्हती." अन् त्यानं आत पाह्यलं. "सांग सूर्यभान, तुही चूक होती का नाही?"

सूर्यभाननं फडक्यानं हात पुसले. एक-एक बोट पुसलं.

"माहीच होती," म्हणे. "गाडी थंड झाली, घेतो मी." अन् गाडी आत लावाले लागला.

माह्या अंगाची आग आग झाली. अकरा वरसं मी ज्या वाक्यासाठी देवीशी भांडली, ते तोंडाशी आलं अन् ह्या माणसानं आपल्या हातानं लोटून दिलं. पंक्चरवाला माह्याकडे कीव केल्यावानी पाहून राहिला होता. मी तशीच सूर्यभानच्या मागं आत शिरली. अकरा वरसांत पहिल्यांदा.

त्याचं काम सुरू झालं होतं. बूच उघडं, जुनं काळं ऑइल बरणीत, सारा वास सुटलेला. "ताई, भाईर जाय," म्हणे. म्या म्हटलं, नाही जात. तो गुमान पहिली बाटली टाकत राहिला. मंग दुसरीतलं एक बोट.

"माही चूक म्हणाले तुही जीभ कशी उचलली?"

त्यानं बाटली बाजूले ठेवली.

"बरं, तुले लाज नाही तं नाही. पण ह्याची गाडी अशीच जाऊ देतं का? ते बरणीतलं काळं ओत पुन्हा आत. किंचाळू दे मूर्तिजापुराजवळ. येऊ दे त्याले दोराले बांधून."

"त्याले माराले काळं ऑइल लागत नाही ताई," तो म्हणे, डोकं वर न करता, जसं गिऱ्हाईकाले समजावते तसं. "हे चांगलंच ऑइल जास्त झालं तरी मरते. फुगाले जागा राहत नाही. तापलं की सील फाटते, ऑइल उडून जाते, अन् आतले दाते कोरडे फिरतात. चार दिवस लय झाले."

मले तं खजिनाच भेटला. बाटली समोरच होती, तीन बोटं ऑइल तिच्यात. पेटीत जायची होती, अजून गेली नव्हती. म्या झपकन उचलली अन् भोकावर उलटी केली. थेंब पडाच्या आत सूर्यभाननं माहं मनगट धरलं. एवढं जोरात धरलं की बांगडी फुटली.

"एकदा टाकलं ना तू," म्हणे. "पुरे आता."

 आधी समजलंच नाही. मंग ती बाटली माह्या हातात दिसली, तेवढीच लहान, तेच निळं झाकण, तीन बोटं उरलेली. बडनेरा रोडचं गॅरेज. सूर्यभान हात पुसत मालकाकडे गेला होता. बूच उघडं. बाजूले एक बाटली रिकामी अन् एक अशीच उरलेली. म्या इचार केला होता, एवढं महागाचं ऑइल, कायले ठेवते हा. माह्या भावाच्या हातचं काम आहे, गिऱ्हाईक खूश होऊन गेलं पाहिजे. अन् बापानं शिकवलं तसं, पारडं बरोबर असताना वरून टाकून दिलं. सारंच. मंग दोन्ही बाटल्या कचऱ्यात टाकल्या अन् फडके घडी केले.

"तुले कधी समजलं?" म्या इचारलं. 

"गाडी ओढून आणली त्याच दिवशी. बूच लावलं तेव्हा वाटलं होतं, बाटल्या तू उचलून ठेवल्या. सील फाटलेलं दिसलं, अन् कचऱ्यात दोन्ही बाटल्या रिकाम्या भेटल्या. तिथं दुसरं कोनी आलंच नव्हतं."

"अन् मले सांगितलं नाही. मी त्या माणसाले अकरा वरसं..."

"बूच माहं होतं. उघडं टाकून मी गेलो. मंग चूक माहीच झाली ना." त्यानं बाटली माह्या हातातून घेतली, झाकण लावलं, पेटीत ठेवली, कुलूप लावलं. मंग बूच बसवलं अन् पान्यानं आवळलं. 

मी भाईर आली. पाचही जण तिथंच होते, उलट एक वाढला होता. पळून जावं वाटलं. खरं सांगते, डबा तिथंच ठेवून रिक्षा पकडावी असं मनात आलं. पण चार लोकांत बोलाचा नवस माहाच होता.

"खुशालराव," म्या म्हटलं, "ते ऑइल म्या टाकलं होतं. डबा घेऊन आली होती तेव्हा. जास्तीचं. सूर्यभानले मागून समजलं अन् त्यानं माहं नाव घेतलं नाही. तुमाले नाही सांगितलं, मलेबी नाही."

आतून सूर्यभान "ताई" म्हणून ओरडला. म्या तिकडं पाह्यलंच नाही.

म्हाताऱ्यानं आत सूर्यभानकडे पाह्यलं. मंग म्हणे, "म्हणजे मी उगाच मारलं त्याले."

"हो. माही चूक म्या सांगितली. ते पाप माहं, मी फेडीन. पण हात माहा नव्हता. मेथीच्या जुड्या म्या नाही म्हटलं. ते कोनाचं होतं, ते आता तुमी सांगा."

त्यानं खाली मान घालून काहीतरी पुटपुटलं. मी वाकली, तरी ऐकू आलं नाही. अन् काय सांगू, इतकं सारं होऊनबी माहा राग जागच्या जागी होता. अर्धा आता माह्यावरच होता, पण त्याचा हिस्सा म्या त्याले सोडला नाही.

"जोरात बोला," म्या म्हटलं. "पंक्चरवाल्याले ऐकू आलं नाही."

खुशालराव काठी टेकून उठला. दारापर्यंत गेला, आत तोंड करून उभा राहिला अन् मोठ्यानं म्हणाला, "सूर्यभान, तुही चूक नव्हती. म्या हात उचलला, ते माहं चुकलं. अमरावतीतबी सांगतो." पंक्चरवाल्यानं मान हलवली, म्हणजे त्याले आलं.

आतून बॉनेट पाडल्याचा आवाज आला. मंग सूर्यभान म्हणे, "चालू करून पाहा." गाडी चालू झाली. शिट्टी गेली होती.

अंबादेवीची ओटी अजून भरली नाही. जानार आहे, पण तिथं उभी राहून काय सांगू हे ठरत नाही. बाजारात मात्र पारड्यावरची मूठ बंद झाली नाही. दोन दिवस बंद केली होती, गिऱ्हाईकं भांडाले उठले. खुशालराव आला त्याच्या दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेली तं सूर्यभान एका लाल गाडीत डोकं घालून होता. मले वाटलं, आता तरी आत ये म्हणन. त्यानं डोकं वर काढलं, बूच उघडं आहे ते पाह्यलं, माह्याकडे पाह्यलं, अन् दारापर्यंत येऊन हात पुढं केला.

"ताई, इथूनच दे."